मोटारीत सुचलेली साखळी: कॅरी म्युलिस आणि पीसीआर यंत्राची कथा

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ‘आरटी-पीसीआर’ ही पाच अक्षरे ज्या घरात उच्चारली गेली नाहीत, असे शहरी घर सापडणे कठीण आहे. परराज्यात जायचे असो वा रुग्णालयात दाखल व्हायचे असो, हा अहवाल हाती असल्याशिवाय पाऊल पुढे पडत नव्हते. त्यात छापलेल्या ‘सीटी व्हॅल्यू’ नावाच्या आकड्यावरून गृहनिर्माण संस्थांच्या आवारात तावातावाने चर्चा झाल्या. या चाचणीच्या मुळाशी असलेली कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, तो अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरी बँक्स म्युलिस मात्र हे सारे पाहायला हयात नव्हता. ७ ऑगस्ट २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे वयाच्या ७४व्या वर्षी त्याचे निधन झाले. महासाथीची पहिली बातमी जगाला कळण्यास तेव्हा जेमतेम पाच महिने उरले होते.

नोबेल पारितोषिकाच्या इतिहासात म्युलिससारखी वल्ली विरळाच. जनुकशास्त्रातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तंत्राचा हा जनक औपचारिक अर्थाने जनुकशास्त्रज्ञ नव्हता. त्याला समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा नाद होता, संगणकाला आज्ञावली लिहून देण्याचा छंद होता आणि हाताशी येईल ते यंत्र उघडून पाहण्याची खोड लहानपणापासून होती. पीसीआरचा जन्म या छंदांच्या संगमावर झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अग्निबाणातील बेडूक

म्युलिसचा जन्म २८ डिसेंबर १९४४ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील लेनॉर या गावी झाला. बालपण पुढे शेजारच्या साउथ कॅरोलिनातील कोलंबिया शहरात गेले. रशियाचा स्पुटनिक १९५७ मध्ये आकाशात गेला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. पोटॅशियम नायट्रेट आणि साखर यांचे मिश्रण इंधन म्हणून वापरून म्युलिस आणि त्याच्या मित्रांनी घरगुती अग्निबाण उडवले. त्यांपैकी एकातून त्यांनी चक्क एक बेडूक मैल-दीड मैल उंचीवर पाठवला आणि तो जिवंत परत आणला, ही आठवण त्याने पुढे अनेकदा सांगितली. आजच्या पालकांना हे ऐकून घाम फुटेल. तथापि पदार्थ तापवला, मिसळला की काय होते, हे पुस्तकात न वाचता प्रत्यक्ष पाहण्याची सवय त्याला येथेच लागली.

जॉर्जिया टेक या संस्थेतून रसायनशास्त्राची पदवी घेऊन तो बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. तेथे जैवरसायनशास्त्राचा विद्यार्थी असतानाच १९६८ मध्ये ‘नेचर’ या प्रतिष्ठित नियतकालिकात त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता विश्वरचनाशास्त्रातील काळाच्या उलट्या प्रवाहाचा! पुढे खुद्द पीसीआरवरील त्याचा निबंध मात्र ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोघांनीही परत पाठवला. हा विरोधाभास तो आयुष्यभर रंगवून सांगत असे. १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यानंतर त्याने काही काळ कथालेखनाचा प्रयत्न केला आणि एक बेकरीही चालवली. १९७९ मध्ये एका मित्राच्या खटपटीने त्याला कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथील सीटस या जैवतंत्रज्ञान कंपनीत नोकरी मिळाली.

यंत्राने दिलेली सवड

सीटसमध्ये म्युलिसचे काम तसे कंटाळवाणे होते. डीएनएचे लहान लहान तुकडे रासायनिक पद्धतीने तयार करून इतर संशोधकांना पुरवायचे. डीएनएची लिपी ए, टी, जी, सी या चार अक्षरांची. हव्या त्या क्रमाने पंधरा-वीस अक्षरे एकापुढे एक जोडणे हे हाताने करताना दिवसचे दिवस खाणारे काम होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी हे काम आपोआप करणारी यंत्रे बाजारात आली आणि म्युलिसच्या विभागाचा भार एकाएकी हलका झाला. आपली नोकरी यंत्र खाऊन टाकील या भीतीने दुसरा एखादा धास्तावला असता. म्युलिसने मिळालेली सवड विचारात आणि संगणकाशी खेळण्यात घालवली.

संगणकाच्या आज्ञावलीत ‘लूप’ नावाचा एक प्रकार असतो. एखादी क्रिया करायची, तिचे उत्तर पुन्हा त्याच क्रियेत घालायचे, आणि हे हव्या तितक्या वेळा करत राहायचे. साध्या नियमाच्या अशा पुनरावृत्तीतून किती अफाट आकडे तयार होतात, याचा म्युलिसला चांगलाच अनुभव होता. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या कित्येक जीवशास्त्रज्ञांना तो त्या काळी नव्हता.

१९८३च्या वसंत ऋतूतील एका शुक्रवारी रात्री तो आपल्या होंडा सिव्हिक मोटारीतून मेंडोसिनो परगण्यातील आपल्या लाकडी घराकडे निघाला होता. शेजारच्या आसनावर बसलेली मैत्रीण झोपली होती. महामार्ग क्रमांक १२८च्या वळणावळणाच्या रस्त्यावर त्याच्या डोक्यात कामाचाच एक प्रश्न घोळत होता. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांतील एकच अक्षर बदलले आहे की नाही, हे ओळखायचे कसे? गवताच्या गंजीतील सुई शोधण्याचाच हा प्रकार. ज्या जागेचा शोध घ्यायचा तिच्या दोन्ही बाजूंना डीएनएचा एकेक लहान तुकडा चिकटवून पाहावा, असा विचार करता करता त्याच्या लक्षात आले की, असे केल्यास मधल्या भागाची प्रत तयार होईल. तीच कृती पुन्हा केली तर दोनाच्या चार होतील, मग आठ, मग सोळा. सुई शोधण्याऐवजी सुयांचीच गंजी करता येईल!

सेहेचाळिसाव्या मैलाच्या दगडाजवळ त्याने मोटार बाजूला घेतली आणि हाताशी सापडलेल्या कागदावर आकडेमोड सुरू केली. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहेच. वीस वेळा दुप्पट केले की एकाचे १० लाख ४८ हजार ५७६ होतात; तीस वेळा केले की १०७ कोटींच्या वर. प्रत्येक फेरीला काही मिनिटे लागतात असे धरले, तरी एका दुपारचे हे काम.

तापवा, थंड करा, पुन्हा तापवा

पीसीआर म्हणजे पॉलिमरेझ चेन रिअ‍ॅक्शन. मराठीत तिला ‘पॉलिमरेझ साखळी अभिक्रिया’ म्हणता येईल. नाव भारदस्त असले तरी कृती स्वयंपाकघरातील वाटावी इतकी सोपी आहे. डीएनए हा दोन पेडांचा गोफ असतो. तो सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की पेड सुटे होतात. मग तापमान ५५ अंशांच्या आसपास खाली आणायचे. या वेळी आधीच मिसळून ठेवलेले दोन लहान तुकडे हव्या त्या जागेच्या दोन टोकांना जाऊन चिकटतात. यांना ‘प्रायमर’ म्हणतात. घराला रंग देण्यापूर्वी लावतात त्या प्रायमरशी याचा संबंध नाही. त्यानंतर पॉलिमरेझ हे विकर प्रायमरपासून सुरुवात करून समोरच्या पेडाला जुळणारी अक्षरे भरत जाते. एका गोफाचे दोन गोफ झाले, की पुन्हा ९५ अंश.

अडचण होती ती विकराची. सुरुवातीला वापरलेले विकर जिवाणूच्या देहातून काढलेले होते आणि ते ९५ अंशांना नष्ट होत असे. त्यामुळे प्रत्येक फेरीला परीक्षानळी उघडून ताजे विकर घालावे लागे. वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्याची भांडी मांडायची, घड्याळ लावायचे आणि नळी या भांड्यातून त्या भांड्यात हलवत बसायचे, असा तो तासनतासांचा उद्योग होता.

उत्तर होते यलोस्टोन या अमेरिकी राष्ट्रीय उद्यानातील उन्हाळ्यांत. तेथील कढत पाण्याच्या झऱ्यांत आनंदाने जगणारा ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हा जिवाणू थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये जगापुढे मांडला होता. इतक्या उष्णतेत सजीव कसे तगून राहतात, एवढ्याच कुतूहलापोटी ते संशोधन झाले होते. या जिवाणूचे पॉलिमरेझ उकळत्या पाण्याच्या जवळपासचे तापमान सहन करते. सीटसमधील संशोधकांनी ते वापरात आणले आणि १९८८ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. आता विकर एकदाच घालायचे, झाकण लावायचे आणि विसरून जायचे. यामुळेच पीसीआरचे एक आटोपशीर यंत्र होऊ शकले.

या यंत्राला ‘थर्मल सायक्लर’ म्हणतात. खरे पाहता ते म्हणजे धातूच्या ठोकळ्यात नळ्या बसवण्यासाठी भोके, तो ठोकळा झरझर तापवणारी व थंड करणारी सोय, आणि वेळापत्रक सांभाळणारा लहानसा संगणक. सीटसमध्ये तयार झालेल्या पहिल्यावहिल्या यंत्राला कर्मचाऱ्यांनी ‘मिस्टर सायकल’ असे लाडके नाव ठेवले होते. ते आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. ‘बेबी ब्लू’ या नावाचा १९८६ मधील नमुना लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेला. १९८७ मध्ये पर्किन-एल्मर या कंपनीच्या सहकार्याने विक्रीसाठी यंत्र आले आणि काही वर्षांतच जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मिक्सरइतके सर्वसामान्य झाले.

श्रेय कोणाचे?

कल्पना सुचणे वेगळे आणि ती नळीत उतरवणे वेगळे. म्युलिसला पहिले यश डिसेंबर १९८३ मध्ये मिळाल्याचे तो सांगत असे. सहकाऱ्यांना ते पुरेसे खात्रीचे वाटले नव्हते. जून १९८४ मध्ये कंपनीच्या वार्षिक परिषदेत त्याने आपले काम भित्तिपत्रकावर मांडले, तेव्हा नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारखा एखादा अपवाद वगळता कोणी फारसे थांबलेही नाही. पुढे रँडल सैकी, हेन्री अर्लिक, नॉर्मन आर्नहाइम आदींच्या गटाने हे तंत्र विश्वासार्ह करून दाखवले आणि डिसेंबर १९८५ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्याचा पहिला उपयोग प्रसिद्ध झाला. म्युलिस त्या निबंधाच्या लेखकांपैकी एक होता, पण पहिला नव्हता. याची सल त्याच्या मनातून कधीच गेली नाही. मानववंशशास्त्रज्ञ पॉल राबिनो यांनी १९९६ मध्ये पीसीआरच्या जन्मावर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. एका डोक्यात आलेला विचार आणि एका गटाने घेतलेले कष्ट यांची नेमकी वाटणी करणे किती अवघड आहे, हे त्यातून दिसते.

या वादाला एक भारतीय पदरही आहे. अविभाजित पंजाबात जन्मलेले आणि १९६८ मध्ये नोबेल मिळवलेले हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ मध्ये येल क्लेप्पे व सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. दोन प्रायमर वापरून डीएनएची प्रत काढण्याची आणि ती कृती पुन्हा करण्याची शक्यता त्यात नोंदवली होती. ड्यूपाँट या बलाढ्य कंपनीने नेमका हाच आधार घेऊन सीटसच्या पेटंटला न्यायालयात आव्हान दिले. १९९१ मध्ये ज्युरींनी पेटंट वैध ठरवले. खुरानांच्या काळात डीएनएचे तुकडे तयार करणे हेच दिव्य होते आणि उष्णता सोसणारे विकरही हाती नव्हते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

पैशांची बाजूही बोलकी आहे. या शोधाबद्दल सीटसने म्युलिसला १० हजार डॉलरचे बक्षीस दिले. १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क रोश या स्विस औषध कंपनीला विकले गेले ते ३० कोटी डॉलरना. १९९३चे रसायनशास्त्राचे नोबेल म्युलिस आणि कॅनडातील मायकेल स्मिथ यांना विभागून मिळाले. बातमी कळल्यावर म्युलिस लाटांवर खेळायला निघून गेला आणि फळीसह त्याची छायाचित्रे जगभर छापून आली.

सिकलसेल: पहिली परीक्षा

१९८५च्या त्या पहिल्या निबंधाचा विषय होता सिकलसेल ॲनिमिया. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते, ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, आणि त्यामुळे लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. मोटारीतील म्युलिसला पडलेला एका अक्षराचा प्रश्न तो हाच.

महाराष्ट्राला हा आजार परका नाही. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर या भागांत, तसेच नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक ओळखण्यासाठी रक्ताच्या साध्या चाचण्या पुरतात. पण गर्भातील बाळाची स्थिती कळायची तर गर्भावरणाचा कणभर नमुना घेऊन त्यातील जनुक वाचावे लागते आणि तेथे पीसीआरला पर्याय नाही. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत अशा गर्भनिदानाचे काम दीर्घकाळ चालत आले आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली.

सीटी व्हॅल्यूचे गणित

मूळ पीसीआरमध्ये प्रती तयार झाल्या की नाही, एवढेच शेवटी कळत असे. त्या किती आहेत, हे कळण्याची युक्ती रसेल हिगुची यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी काढली. डीएनए तयार होताच चमकणारे रसायन नळीत घालायचे आणि प्रत्येक फेरीला कॅमेऱ्याने चमक मोजायची. हीच ‘रिअल टाइम पीसीआर’. कोरोना विषाणूचा वारसा डीएनएऐवजी आरएनएमध्ये असल्याने तो आधी डीएनएत उतरवावा लागतो, म्हणून नावाच्या आरंभी ‘आरटी’, अर्थात ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन’. (दोन्ही ‘आरटी’ एकच समजण्याची चूक कित्येक शिक्षित मंडळींकडूनही झाली.)

चमक ठरावीक पातळी ओलांडण्यास जितक्या फेऱ्या लागल्या, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. नमुन्यात विषाणू भरपूर असेल तर थोड्या फेऱ्या पुरतात, म्हणून आकडा लहान. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट फरक, कारण दहा वेळा दुप्पट केले की १०२४ होतात. मात्र घशातील बोळा नीट फिरवला गेला नसेल किंवा नमुना उन्हात राहिला असेल, तरी आकडा बदलतो. त्यामुळे केवळ त्यावरून आजाराची तीव्रता ठरवणे धोक्याचे होते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, महाराष्ट्राने ही मर्यादा २४पर्यंत खाली आणता येईल काय, अशी विचारणा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे केली होती. तसे केल्यास अनेक संसर्गजन्य रुग्ण निसटतील, असे सांगून परिषदेने ३५ हीच मर्यादा कायम ठेवली.

प्रज्ञेची काळी बाजू

म्युलिसच्या चरित्रातील सर्वांत अवघड पान एड्सविषयीचे आहे. एचआयव्हीमुळे एड्स होतो हे तो मानत नसे. १९९६ मध्ये याच मताच्या पीटर ड्यूसबर्ग यांच्या पुस्तकाला त्याने प्रस्तावना लिहिली. ओझोनचा ऱ्हास, हवामानबदल यांबाबतही त्याची मते शास्त्रीय पुराव्याच्या विरुद्ध होती आणि फलज्योतिषाची तो तरफदारी करत असे. आत्मचरित्रात तर त्याने रात्रीच्या अंधारात भेटलेल्या, चकाकणाऱ्या रकूनचीही हकिकत सांगितली आहे. ती वाचून हसता येते. एड्सचे तसे नाही. दक्षिण आफ्रिकेत सरकारी पातळीवर अशाच मतांचा पगडा बसला आणि औषधे पोहोचण्यास विलंब झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये त्यामुळे गेलेल्या बळींचा अंदाज ३ लाख ३० हजारांहून अधिक वर्तवला. रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण मोजून औषध लागू पडते की नाही हे ठरवणारी चाचणी १९९६ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे, आणि ती पीसीआरवरच चालते.

२०२० नंतर म्युलिसची एचआयव्हीसंदर्भातील जुनी विधाने कोरोनाच्या चाचणीविरुद्ध समाजमाध्यमांवर फिरवली गेली. ‘शोध लावणाराच म्हणतो, ही चाचणी निरुपयोगी आहे’ असा त्यांचा सूर होता. ती विधाने कोरोनाविषयी असणे शक्यच नव्हते. पीसीआर विषाणूचे जनुकीय द्रव्य दाखवते, रुग्ण किती आजारी आहे हे दाखवत नाही, हा भेद मात्र खरा आहे. डॉक्टर लक्षणे पाहूनच उपचार करतात ते यामुळेच.

टेबलावरून पेटीत

म्युलिसचे यंत्रांचे वेड उतारवयातही कमी झाले नाही. अतिनील किरणांनी रंग बदलणारे प्लॅस्टिक त्याच्या नावावर आहे. एल्विस प्रेस्ली, मेरिलिन मन्रो अशा दिवंगत तारे-तारकांच्या डीएनएच्या प्रती काढून त्या दागिन्यांत बसवून विकण्याचा उद्योगही त्याने थाटला होता.

यंत्र मात्र लहान होत गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने जानेवारी २०२० मध्ये देशातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान केले, तेव्हा केरळातून नमुना पुण्यास आणावा लागला होता. मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅब या कंपनीच्या चाचणी संचाला मान्यता मिळाली. विषाणुतज्ज्ञ मीनल डाखवे-भोसले यांच्या गटाने तो अल्पावधीत तयार केला होता. तरीही वातानुकूलित प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित हात यांवाचून ते काम होत नव्हते. गोव्यातील मोलबायो या कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र या बाबतीत वेगळे ठरले. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये विकसित झालेले हे पीसीआर यंत्र बॅटरीवर चालते, नमुना इवल्याशा चिपवर घेते आणि तासाभरात निकाल देते. मुळात ते क्षयरोगासाठी तयार झाले होते आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयनिदानासाठी त्याची शिफारस केली. कोरोनाच्या काळात तेच यंत्र जिल्हा व तालुका पातळीवरील रुग्णालयांत पोहोचले, आणि साथ ओसरल्यावर थुंकीच्या नमुन्यांतील क्षयाचे जिवाणू शोधण्याच्या आपल्या मूळ कामाला पुन्हा लागले.